खंडेनवमीचं मशीन

जानूला वास येत नव्हता, आणि ही गोष्ट मिरकरवाड्याच्या बंदरात सगळ्यांना ठाऊक होती. सुकटीच्या ढिगाशेजारी बसून तो खुशाल चहा प्यायचा. दुसऱ्या कुणाला हे चालून गेलं असतं. नाक काय, एरवी सर्दी व्हायलाच लागतं. पण जानू होता रावजी शेठच्या बर्फाच्या कारखान्यात, तोही थेट कॉम्प्रेसरवर, आणि कॉम्प्रेसरच्या नळ्यांतून खेळतो अमोनिया. हा गॅस सुटला की आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना, मग घशाला, आणि त्यानंतर कळायला माणूस शिल्लक राहत नाही. म्हणजे त्या खोलीत देवाने एकच राखणदार दिलेला, आणि जानूचा नेमका तोच गेलेला.

गेला कसा, तर मागे एका पावसाळ्यात नळीचा सांधा सुटला, आणि बाकीचे पळाले तेव्हा जानूने तो आत उभं राहून आवळला. कारखाना वाचला. जानू कितीतरी दिवस इस्पितळात खोकत पडला आणि उठला तो नाक गमावून. शेठने त्याला फाटकावर बसवलं. नाक नसलेला माणूस अमोनियावर ठेवायचा म्हणजे आंधळ्याच्या हाती होडीचं सुकाणू, शेठचंही खोटं नव्हतं. पण जानूचा जीव फाटकावर लागेना. कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला की हा फाटक उघडं टाकून आत धावायचा. घरी मात्र लेकीजवळ मोकळेपणाने बोलला.

"राही, शेठने मला त्या खोलीबाहेर ठेवलान तर मी वर्ष काढायचो नाय."

राही ही त्याची एकुलती एक. आई ती लहान असतानाच गेलेली, घरात बाप-लेक दोघंच. मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली मुलगी. वडलांना परत कॉम्प्रेसरवर घ्या म्हणून तिने शेठकडे खेप घातली. आणि तेव्हाच, नशीब म्हणा की आणखी काही म्हणा, शेठच्या डोक्यात कॉम्प्युटरचं खूळ शिरलेलं होतं.

रावजी शेठला नव्या वस्तूंचा भारी सोस. बंदरात पहिला रंगीत टीव्ही त्याचा. मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनात त्याने युनिक्स नावाच्या सिस्टिमवर चालणारा कॉम्प्युटर पाहिला, आणि आला तो घेऊनच. ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. तेव्हा रत्नागिरीत कॉम्प्युटर म्हटलं की लोक चपला काढून आत यायचे. पुण्याहून इंजिनिअर आला, वरच्या माडीवर काचेच्या दाराची खोली झाली, खोलीला एअर कंडिशनर बसला. खाली जानूच्या खोलीत पंखासुद्धा धड फिरत नव्हता, पण ते राहू द्या.

इंजिनिअरने खाली कॉम्प्रेसरजवळच्या भिंतीवर गॅस हुंगणारी एक डबी बसवली आणि तिची वायर वर मशीनपर्यंत नेली. मशीनमध्ये एक प्रोग्राम रात्रंदिवस चालायचा. दर मिनिटाला तो त्या डबीला विचारायचा, काय गो, वास येतोय का, आणि जे उत्तर मिळेल ते स्क्रीनवर एका ओळीत लिहायचा. वेळ, नळ्यांतला दाब, गॅस. गॅसचा आकडा चढला की खाली घंटा वाजवायची, आणि घंटा अशी कर्कश की धक्क्यावरचे खलाशी कानात बोटं घालत. घंटा वाजली की सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि गॅसची झडप बाहेरूनच बंद करायची. घंटा गप्प असली तर जानूने बिनघोर आत जायचं. हे ठरलं आणि जानू परत कॉम्प्रेसरवर रुजू झाला.

"माझं नाक आता वरच्या माडीवर बसलंय," असं तो बंदरभर सांगत फिरला. आणि त्या नाकाची राखण करायला वर राही बसली.

इंजिनिअरने तिला काम शिकवलं. कंट्रोल नावाची एक कळ असते, ती दाबून धरायची आणि सोबत एक अक्षर दाबायचं. कंट्रोल आणि सी म्हणजे चालू प्रोग्राम ठार, तिकडे बोट न्यायचंच नाही. कंट्रोल आणि झेड म्हणजे प्रोग्राम मरत नाही, आहे तिथे निजतो. स्क्रीनवर 'स्टॉप्ड' असा शब्द उमटतो, आणि मग एफ आणि जी ही दोन अक्षरं लिहून त्याला उठवावं लागतं. कंट्रोल आणि एस म्हणजे पळणाऱ्या ओळी वाचण्यापुरत्या थांबवायच्या. कंट्रोल आणि क्यू म्हणजे परत सोडायच्या.

झेडचा प्रयोग त्याने एकदा करून दाखवला होता. 'स्टॉप्ड' हा शब्द उमटला तेव्हा राही खुर्चीतून उठलीच. खाली बाबा आहेत, आणि वर हे मेलं निजलं. त्याने लगेच उठवलं तरी ती म्हणाली, ही कळ मला नको.

"मग एस वापरा," इंजिनिअर हसून म्हणाला. "एसने काही बिघडत नाही. फक्त स्क्रीन थांबते, आत काम चालूच राहतं." एवढं बोलून त्याने पिशवी उचलली, कारण त्याला पुण्याची एस.टी. गाठायची होती. घाईत सांगितलेलं नेहमी अर्धंच असतं, पण ऐकणाऱ्याला ते कसं कळावं?

सहा-सात महिने सगळं सुरळीत चाललं. घंटा क्वचित वाजली, आणि वाजली तेव्हा खरीच वाजली. राहीचा विश्वास बसला. जानूचा तर इतका बसला की त्याच्या हाताखालचा धाकू डोळे चोळत "तात्या, आज वास मारतोय हो" म्हणायला लागला की जानू त्याची टर उडवायचा. धाकू कामाला चोख, पण त्याचं नाक भलतंच हळवं. कुणी शेजारी कांदा चिरला तरी याला अमोनिया आठवायचा.

मग नवरात्र आलं.

रावजी शेठची आई आवडाबाई. सगळे तिला आवडाआई म्हणत. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन हर्णे ते दापोली तुडवलेली बाई, आणि त्या टोपलीतून हा कारखाना उभा राहिलेला. शेठ नावाला, हुकूम तिचा. खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा तीच करायची. पाने, हातोड्या, बर्फ फोडायचे टोचे, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं बिचारं, एक दिवस त्याला विसावा. ही रीत आपल्याकडे घरोघर आहे, आणि वाईट काय आहे त्यात?

पण कॉम्प्रेसरला विसावा देता येत नाही. ऑक्टोबरचं ऊन, लाँचा मासळीने भरून येतात, बर्फ नसेल तर सगळं कुजून जायचं. म्हणून कॉम्प्रेसर पूजेपुरता थांबवून लगेच चालू करायचे. दरवर्षी आवडाआईच्या जिवाला हे खुपायचं. मुख्य यंत्रच पुजून परत जुंपायचं, ही देवीची फसवणूक वाटायची तिला. आणि त्या वर्षी तिला उपाय सुचला.

"कॉम्प्रेसरचा विसावा ह्या मशीनला देऊया," खंडेनवमीच्या सकाळी ती माडीवर येऊन म्हणाली. मागे धाकू हाराची परडी घेऊन उभा. "सगळ्यांत मोठं यंत्र हेच ना आता? ह्याची पूजा करते. उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाय."

राही उभीच राहिली. "आई, हे बंद नाय करता येत. खाली घंटा याच्यावर चालते. बाबा आत असतात."

"बंद कर कोण म्हणतंय गो तुला? घंटा चालू दे की. पण हे बघ, हे आकडे मिनिटामिनिटाला कसे वर सरकतायत. पूजेला बसलेलं यंत्र असं वळवळतं होय? तेवढं थांबव. देवीसमोर स्थिर असूदे."

रावजी शेठ तिथेच होता. त्याने राहीकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, म्हणजे आईचं मन मोड नको. मशीन त्याचं, पण आईपुढे त्याचं शहाणपण कधी चालायचं नाही. मग तोही सुटला, सगेसोयऱ्यांकडे हातखंब्याला जायचं होतं त्याला, खाली गाडी हॉर्न देत होती.

आता राहीने काय करावं? सी नाही. झेड तर नाहीच, तो शब्द तिला नको होता. राहिला एस. फक्त स्क्रीन थांबते, आत काम चालूच राहतं. देवीचंही होईल आणि बाबांचंही. तिने कंट्रोल दाबून धरलं आणि हलकेच एस दाबला. आकडे जागच्या जागी उभे राहिले. दाब ठीक, गॅस शून्य.

"आता कसं," आवडाआई म्हणाली. तिने स्क्रीनच्या कपाळावर हळदकुंकू लावलं, कळांवर अक्षता टाकल्या, मोठा हार घातला. हार लांब होता. तो स्क्रीनवरून शेजारच्या वायरींच्या पेटीवर उतरला. त्या पेटीवर एक तांबडा दिवा होता, प्रोग्राम डबीला विचारी तेव्हा दर मिनिटाला लुकलुकणारा. तो झेंडूखाली गेला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

खाली पूजा झाली, नारळ फुटला, आणि जानूने कॉम्प्रेसर परत चालू केला. चालू होताना एका सांध्यातून दरवेळी थोडा गॅस फुसकन सुटायचा, आणि घंटा मिनिटभर वाजून गप्प व्हायची. तशी ती वाजली. प्रसादाला जमलेली माणसं हसली. "देवीने कौल दिलान," आवडाआई म्हणाली.

राहीचा जीव भांड्यात पडला. स्क्रीन थांबलेली, तरी घंटा वाजली. म्हणजे इंजिनिअर बोलला ते सोळा आणे खरं. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

आणि तिथेच घात झाला बघा. आपण ऐकलेल्यावर विश्वास ठेवतो, पुढे काय होईल त्याचा विचार करत नाही. एस दाबणं म्हणजे नळाची तोटी बंद करणं. तोटी बंद केली तरी पंप वरच्या टाकीत पाणी चढवत राहतो, बघणाऱ्याला वाटतं, चाललंय की. पण टाकी केवढी? भरली की पंपाला पुढे वाव नाही. प्रोग्रामचंही तसंच. ज्या ओळी स्क्रीनवर जाऊ शकत नव्हत्या त्या आत एका छोट्याशा जागेत साठत गेल्या, आणि तेवढा वेळ तो काम करत राहिला. मग ती जागा भरली. पुढची ओळ हातात घेऊन तो उभा राहिला, वाट मोकळी होईल म्हणून. डबीला विचारणं त्याने सोडलं. मेला नाही, निजला नाही, नुसता खोळंबला. आणि ह्यातलं काही स्क्रीनवर दिसायचा प्रश्न नव्हता, कारण स्क्रीन आधीच थांबवलेली. राहीने झेड दाबला असता तर निदान तो शब्द दिवसभर डोळ्यांसमोर राहिला असता. तिने सगळ्यांत सौम्य कळ निवडली होती.

आवडाआईने काचेच्या दाराचं खटक्याचं कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला लावली. आपण दाराशीच पाट टाकून जपमाळ घेऊन बसली. राहीला म्हणाली, घरी जा, सणाचा दिवस. राही गेली नाही. कारखाना चालू आणि बाबा आत, तोपर्यंत घरी जाऊन ती करणार काय? ती बाहेरच्या बाकावर बसून काचेतून बघत राहिली. आत स्क्रीन हिरवी उजळलेली, कुंकू ल्यालेली, आणि तेच आकडे. दाब ठीक, गॅस शून्य. सकाळची वेळ.

दुपारी ती डबा घेऊन खाली गेली. जानू दाराबाहेर जांभ्याच्या पायरीवर पाय पसरून बसला होता. डब्यात घारगे होते. त्याला गोड कळायचं, वास नाही, म्हणून तो गूळ जास्त घालायला सांगायचा.

"आज मशीन देव झालं म्हणे," तो घारगा मोडत म्हणाला. "निजलंय काय गो?"

"नाय बाबा. नुसती स्क्रीन थांबवलीय. आतून जागं हाय."

"घंटा वाजेल ना?"

"वाजेल. सकाळी नाय का वाजली?"

"मग झालं," जानू म्हणाला, आणि खाऊ लागला.

धाकू बर्फाच्या हौदाकडून डोळे पुसत आला. "तात्या, आज जरा जास्तच झोंबतंय. मघापासून."

"तुझ्या बायकोने मिरच्या भाजल्यान असतील," जानू म्हणाला. "खंडेनवमीला तरी नाकाला सुट्टी दे मेल्या."

राही हसली, पण तिने स्वतःही वास घेऊन बघितला. येत होता थोडा. पण थोडा तर तिथे रोजच यायचा, आणि शिवाय धक्क्यावर मासळीचे ढीग, गटार, डिझेल. त्यातून काय वेगळं काढणार? तरी तिच्या मनात पाल चुकचुकली. जिना चढताना तिने ठरवलं, कंट्रोल आणि क्यू, एवढं एक बोट लावू दे म्हणून सांगायचं.

"आई, एक कळ दाबू दे," ती आवडाआईजवळ बसून म्हणाली. "परत थांबवते लगेच. नुसते आकडे बघते."

"पुजलेल्या यंत्राला?" आवडाआईने माळ थांबवली. रागावली नाही. उलट समजावून सांगू लागली. "हे बघ बाय. माझा घो ह्याच सणाला होडी घेऊन गेला. त्या साली होडीची पूजा झालेली, मी सांगत होते, आज नको. म्हणाला, एका फेरीने काय होतंय. होडी पण नाय आली आणि तो पण नाय. तेव्हापासून ह्या दिवशी मी कुणाला हात लावू देत नाय. तुझ्या बापाच्याच जिवासाठी सांगते हो."

म्हातारीचे डोळे भरून आले होते. तिचं दुःख खोटं नव्हतं, आणि राहीला थोरामोठ्यांशी हुज्जत घालायची सवय नव्हती. शिवाय तिच्याजवळ तरी काय होतं दाखवायला? धाकूचे डोळे झोंबतात, एवढंच. घंटा सकाळी वाजली होती. काम आत चालू होतं. ती परत बाकावर येऊन बसली. स्वतःच्या मनाची समजूत घालायला माणसाला वेळ लागत नाही.

ऊन कलायला लागलं. खाली लाँचा लागत होत्या, बर्फ फोडायच्या चक्कीचा आवाज येत होता. आत एअर कंडिशनरचं वारं हारावर येत होतं, आणि सकाळपासून त्या वाऱ्याने झेंडू सुकून हलका झालेला. हाराचं एक टोक घसरून खाली लोंबलं. वायरींची पेटी उघडी पडली.

राहीने सहज बघितलं. तांबडा दिवा विझलेला होता. आता लुकलुकेल, म्हणून ती बघत राहिली. मिनिटभर तरी थांबायला हवं, ती मनात म्हणाली. मिनिट गेलं. कदाचित नजर चुकली असेल. ती उठून काचेला नाक लावून उभी राहिली आणि पापणी लवू न देता बघत राहिली. आणखी एक मिनिट गेलं. दिवा लागला नाही. स्क्रीनवर गॅस शून्यच होता, सकाळचा.

मशीन डबीला विचारतच नव्हतं. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता.

"आई, किल्ली द्या."

"आता काय झालं गो?"

"किल्ली द्या. मशीन थांबलंय. बाबा खाली आहेत."

आवडाआई कनवटीला हात घालून उठायला लागली. गुडघे धरलेली म्हातारी, पाटावरून उठायला तिला वेळ लागायचा. राहीने वाट बघितली नाही. बाकाशेजारचा तांब्या उचलून तिने काचेवर घातला. काच फुटली, तिने आतून खटका काढला. हाताला रक्त आलेलं तिला कळलंही नाही. कळांवरच्या अक्षता बाजूला न करताच तिने कंट्रोल दाबलं आणि क्यू दाबला.

आकडे धावू लागले.

सकाळच्या ओळी आधी आल्या. आत कोंडून राहिलेल्या, एकामागून एक. पूजेनंतरची ओळ आली, कॉम्प्रेसर चालू झाला तेव्हाचा गॅसचा आकडा चढलेला, मग पुन्हा शून्य. दाब ठीक, गॅस शून्य. दाब ठीक, गॅस शून्य. त्या सगळ्या ओळींमध्ये जानू सुखरूप होता. राही स्क्रीनकडे बघत होती आणि ओठांतल्या ओठांत देवीला म्हणत होती, असंच राहूदे, पुढचंही असंच येऊदे.

मग ओळी थबकल्या. तांबडा दिवा एकदा लागला. पुढची ओळ उमटली, आणि तिच्यात वेळ एकदम चारची होती. मधली सगळी दुपार मशीनने बघितलीच नव्हती. त्या ओळीतला गॅसचा आकडा राहीने आजवर कधी पाहिलेला नव्हता. डबीला जेवढं मोजता येत होतं तेवढं सगळं भरलेलं होतं.

खाली घंटा वाजायला लागली.

राही जिन्याकडे धावली. अर्ध्यावर तिच्या डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं, घसा आवळला. खालून धाकू वर येत होता, तोंडाला ओलं फडकं, डोळे लाल. त्याने तिला दोन्ही हातांनी अडवलं आणि परत माडीवर ढकलत आणलं. खाली माणसं ओरडत होती, कुणी पाणी मारा म्हणत होतं, कुणी झडप बंद करा.

"बाबा कुठेत?" राहीने विचारलं.

धाकू भिंतीला टेकून खोकत राहिला.

"धाकूदादा, बाबा कुठे आहेत?"

"आत," तो म्हणाला. "मघाशीच आत गेलेत. नळी थरथरते म्हणाले, बघून येतो. मी हात धरला त्यांचा. म्हटलं तात्या, जाऊ नका, वास मारतोय, आज खरोखर मारतोय. तर मलाच म्हणाले, घंटा वाजली का? नाय वाजली ना? वर माझी राही बसलीय. आणि गेले." त्याने फडक्याने तोंड पुसलं. "मग पडल्याचा आवाज आला. दोनदा आत जायला बघितलं गो मी. नाय जाता आलं. आता कुणीच नाय जाऊ शकत, गॅस उतरेपर्यंत."

राही फुटलेल्या काचेच्या दारातून आत गेली आणि मशीनसमोर उभी राहिली. रडली नाही. स्क्रीनवर दर मिनिटाला एक ओळ येत होती, आणि प्रत्येक ओळीत तोच भरलेला आकडा. खालून घंटेचा आवाज भिंतींतून वर चढत होता. ती घंटा बंद करायची कळ तिच्या हाताखालीच होती.

आवडाआई दारात आली. तिच्या हातात किल्ली तशीच होती.

"बाय गो," ती म्हणाली, "ती घंटा तरी बंद कर. ऐकवत नाय."

"नको," राही म्हणाली. "वाजूदे. बाबा अजून आत हायत. त्यांना ऐकू जाऊदे."